डीबगरच्या कोडमधलं हातानं फाइल बंद करणं कसं काढलं, पायरी पायरीनं

इंदूरला विजय नगरात आमचं छोटं ऑफिस आहे, काम एम्बेडेड बोर्डांचं, आणि त्या बोर्डांसाठी आमचा स्वतःचा एक डीबगर आहे, म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवून त्याच्या आत बघायचं टूल. जुना आहे, सीमध्ये सुरू झालेला, नंतर कधीतरी सी प्लस प्लसच्या कंपायलरनं बिल्ड व्हायला लागला, म्हणजे नावाला सी प्लस प्लस आणि आत सगळं सीच. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी सहाच्या सुमारास टेस्टिंगवाला आला आणि म्हणाला, "भिया, सुबह से सही चल रहा था, अब बोल रहा है सोर्स फाइल नहीं मिली." फाइल तिथंच होती. डीबगर बंद करून परत चालू केला की लगेच सापडायची. दुसऱ्या दिवशी परत तेच, परत संध्याकाळीच.

दोन दिवस आम्ही पाथ, परमिशन, नेटवर्क ड्राइव्ह सगळं तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी चालू प्रोसेसच्या उघड्या फाइली मोजल्या तर १०२४. लिनक्सवर एका प्रोसेसला एका वेळी किती फाइली उघड्या ठेवता येतात त्याची सॉफ्ट लिमिट बहुतेक मशीनवर इतकीच असते, आणि ती भरली की पुढचं प्रत्येक ओपन फेल होतं. आमच्या कोडनं ओपन फेल झालं म्हणजे फाइल नाही असं धरलं होतं, खरा एरर कोड कोणी बघितलाच नव्हता, म्हणून मेसेज चुकीचा यायचा. ही चूक वेगळी, ती आधी दुरुस्त करून टाका, पुढचं शोधणं निम्मं सोपं होतं.

गळती कुठं होती तर वेगळ्या ठेवलेल्या डीबग फाइली शोधण्याच्या कोडमध्ये. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रोग्रॅम छोटा ठेवायला त्यातली डीबगची माहिती काढून वेगळ्या फाइलीत ठेवतात, आणि मूळ प्रोग्रॅममध्ये जीएनयू डीबगलिंक नावाच्या सेक्शनमध्ये त्या फाइलीचं नाव आणि तिचा सीआरसी, म्हणजे मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा, लिहिलेला असतो. डीबगर ती फाइल उघडतो, पूर्ण वाचून सीआरसी काढतो, जुळला तर वापरतो, नाही जुळला तर पुढची जागा शोधतो. आमच्याकडे जुळल्यावर फाइल नीट बंद व्हायची आणि न जुळल्यावर फंक्शन सरळ रिटर्न व्हायचं. त्या बोर्डावर ४० लायब्रऱ्यांच्या डीबग फाइली जुन्या पडलेल्या होत्या, म्हणजे प्रत्येक लोडला ४० फाइली उघड्याच राहायच्या, २५ वेळा लोड केलं की हजार झाल्या आणि २६व्यांदा गाडी अडली. संध्याकाळी सहाचं कोडं एवढंच होतं.

एक ओळ टाकून हे मिटलं असतं. पण सर्च मारला तर फाइल उघडणाऱ्या साठच्या वर जागा निघाल्या, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी, कधीतरी, आठवणीनं एफक्लोज, म्हणजे फाइल बंद करणारं फंक्शन, लिहिलेलं. आठवणीवर चालणारा कोड आज ना उद्या परत गळणारच, म्हणून आम्ही सगळंच बदलायचं ठरवलं. त्यात काय काय केलं, कुठं आपटलो, ते खाली लिहितोय. कोड कॉपी करायला दिलेला नाही, बोलून सांगितलाय, टाइप तुम्हीच करा, हातानं टाइप केल्यावर डोक्यात बसतं.

हे डीबगरमध्येच इतकं का नडतं

कुठल्याही प्रोग्रॅममध्ये फाइल उघडी राहणं वाईटच, पण डीबगर दिवसदिवस चालू राहतो आणि त्यातली कुठलीही कमांड मध्येच मरू शकते. यूजरनं कंट्रोल सी दाबलं, मेमरी वाचता आली नाही, फाइलचं हेडर खराब निघालं, की एरर फंक्शन बोलावलं जातं आणि कंट्रोल थेट वर कमांड लूपमध्ये जातो, मधल्या पाच फंक्शनांच्या शेवटी लिहिलेली एफक्लोज बिचारी तशीच राहतात.

याच्यावर जीडीबीसारख्या जुन्या डीबगरमध्ये क्लीनअपची साखळी असायची. फाइल उघडली की मेक क्लीनअप म्हणून साखळीत एक कडी जोडायची, काम झालं की डू क्लीनअप्स म्हणून तिथपर्यंतच्या सगळ्या कड्या चालवायच्या, आणि फाइल दुसऱ्याच्या हवाली करायची असेल तर डिस्कार्ड क्लीनअप्स. आमच्या डीबगरमध्येही हीच पद्धत उचललेली होती. सीमध्ये राहून याच्यापेक्षा फार चांगलं करता आलं नसतं हे मान्य आहे, पण यात माणसाला तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, साखळीचं जुनं टोक जपून ठेवणं, प्रत्येक रिटर्नच्या आधी ती चालवणं, आणि जिथं मालकी सोडली तिथं चालवायच्या ऐवजी डिस्कार्ड करणं. एक जरी चुकलं तरी कंपायलर हूं की चूं करत नाही.

जीडीबी १९८६ सालचा, रिचर्ड स्टॉलमननं सीमध्ये लिहिलेला. २०१६च्या ७.१२ आवृत्तीत तो सी प्लस प्लस कंपायलरनं बिल्ड होणं डिफॉल्ट झालं, २०१७च्या ८.० पासून सी प्लस प्लस ११ सक्तीचं झालं, आणि मग साखळीतली एकेक कडी काढून तिथं स्वतःहून बंद होणारे प्रकार आणले गेले. त्यांनी एका झटक्यात केलं नाही, एकेक प्रकारचा क्लीनअप निवडून छोट्या छोट्या पॅचनी केलं. आम्हीही तोच रस्ता धरला.

आणखी एक, जे मला स्वतःला उशिरा कळलं. डीबगर दुसरा प्रोग्रॅम स्वतःच्या पोटातून सुरू करतो, फोर्क आणि एक्झेक करून, म्हणजे स्वतःची प्रत काढून तिच्यात तो प्रोग्रॅम चढवून. उघडताना क्लोज ऑन एक्झेकचा फ्लॅग लावला नसेल तर उघड्या राहिलेल्या फाइली त्या प्रोग्रॅमकडेही जातात. मग त्याला पहिलीच फाइल उघडली की डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलीचा नंबर, ३ मिळायच्या ऐवजी ९००च्या पुढचा मिळतो, तो सिलेक्ट, म्हणजे अनेक फाइलींवर एकदम नजर ठेवणारं फंक्शन, वापरत असेल तर १०२४च्या हद्दीवर जाऊन आपटतो, आणि पाइपचं लिहिणारं टोक असं चुकून दोघांकडे राहिलं तर वाचणाऱ्याला फाइल संपल्याचं कधी कळतच नाही, तो बसतो वाट बघत. एखादा बग फक्त डीबगरमध्येच दिसतो आणि बाहेर दिसत नाही अशी तक्रार आली की मी आता आधी हे बघतो.

आधी मोजा

कोडला हात लावण्याआधी आकडा हातात पाहिजे. स्लॅश प्रॉकच्या आत प्रोसेस नंबरच्या फोल्डरमध्ये एफडी नावाचं फोल्डर असतं, त्यात किती एंट्र्या आहेत ते मोजा. डीबगर चालू झाल्यावर एकदा, प्रोग्रॅम लोड केल्यावर एकदा, परत लोड केल्यावर एकदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यात फरक दिसला की गळतंय. एलएसओएफ कमांडनं नावंही दिसतात, एकच फाइल वीस वेळा दिसली की कुठला कोड ते लगेच कळतं.

यात सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे लिमिट मुद्दाम कमी करणं. शेलमध्ये यूलिमिटला एन देऊन ६४ करा आणि तिथूनच डीबगर चालवा. जो बग संध्याकाळी सहाला यायचा तो सकाळी पोह्याची प्लेट संपायच्या आत येतो. हे मी खरंच ऑफिसखाली पोहे खाता खाता केलं, लॅपटॉपच्या कीबोर्डात पोह्यावरचं जिरावण, म्हणजे इथला मसाला, गेलं ते अजून निघालेलं नाही.

मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅलग्राइंड वापरत असाल तर त्याला ट्रॅक एफडीजचा ऑप्शन आहे, शेवटी कुठली फाइल उघडी राहिली आणि ती कुठल्या ओळीवर उघडली ते स्टॅकसकट सांगतो. हळू चालतं, पण एकदा चालवून आउटपुट जपून ठेवा, शेवटी तुलना करायला लागेल.

वही काढा आणि मालक शोधा

खरं काम इथं आहे, पुढचं सगळं टायपिंग. एफओपन, ओपन, एफडीओपन, पीओपन, ओपनडर, हे सगळे सर्च करा आणि प्रत्येक जागेसमोर एकच प्रश्न लिहा: ही फाइल बंद करायची जबाबदारी कोणाची? आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगी आली होती, तिला हे काम दिलं तर अर्ध्या तासात परत आली, म्हणाली, "दादा, दोन जागी तर दोघंही बंद करून राहिलेत."

होतं असं. आणि हे गळतीपेक्षा जास्त धोक्याचं आहे. डिस्क्रिप्टर ७ बंद केला, तेवढ्यात दुसऱ्या कोडनं नवीन फाइल उघडली, तिला मोकळा झालेला ७ नंबरच मिळतो, कारण सिस्टिम नेहमी सगळ्यात लहान मोकळा नंबर देते. मग पहिल्यानं परत ७ बंद केला की बंद झाली ती दुसऱ्याचीच फाइल, आणि एरर येतो तिसरीकडेच कुठंतरी. एफक्लोज दोनदा केलं तर निदान जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरची सीची लायब्ररी, बहुतेक वेळा तिथल्या तिथं बोंब मारते, नुसत्या डिस्क्रिप्टरचं तसंही नाही.

वहीत तीन ढीग पडतात. एक, ज्या फंक्शनमध्ये उघडली तिथंच बंद होते. दोन, एक फंक्शन उघडून बोलावणाऱ्याच्या हातात देतं. तीन, फाइल एखाद्या स्ट्रक्टमध्ये राहते आणि सेशनभर उघडी असते. काम याच क्रमानं करायचं. जिथं उत्तर सापडत नाही तिथं पुढं जाऊ नका, त्या कोडला टूल नको आहे, आधी निर्णय हवा आहे.

वेष्टण बनवा, छोटंच

सगळा खेळ एका साध्या नियमावर आहे. सी प्लस प्लसमध्ये लोकल ऑब्जेक्ट त्याच्या ब्लॉकमधून बाहेर पडताना त्याचा डिस्ट्रक्टर, म्हणजे शेवटची आवराआवर करणारं फंक्शन, चालतोच, बाहेर पडणं रिटर्ननं असो, ब्रेकनं असो की एक्सेप्शननं. म्हणून फाइल हातात आली की ती लगेच अशा ऑब्जेक्टच्या ताब्यात द्यायची. या पद्धतीला आरएआयआय म्हणतात, म्हणजे रिसोर्स ॲक्विझिशन इज इनिशियलायझेशन, नाव सी प्लस प्लस बनवणाऱ्या स्ट्रूस्ट्रपनं दिलेलं, आणि नाव इतकं अवघड आहे की ते विसरलात तरी चालेल.

एफओपनच्या पॉइंटरसाठी स्टँडर्ड युनिक पॉइंटर, म्हणजे एकाच मालकाचा पॉइंटर, पुरतो, फक्त त्याला आपला डिलीटर द्यायचा. डिलीटर म्हणजे एक रिकामा स्ट्रक्ट, त्यात एकच ऑपरेटर, जो फाइल घेतो आणि एफक्लोज करतो. पुष्कळ ठिकाणी स्ट्रक्टऐवजी एफक्लोजचा पत्ताच डिलीटर म्हणून देतात. ते करू नका. त्यात प्रत्येक वेळी पत्ता आठवणीनं पास करावा लागतो, ६४ बिट मशीनवर ऑब्जेक्ट ८ऐवजी १६ बाइट होतो आणि जीसीसी कंपायलर वरून वॉर्निंगही काढतो. स्ट्रक्ट केला की या सगळ्यातून सुटका. पॉइंटर नल असेल तर युनिक पॉइंटर डिलीटर बोलावतच नाही, तेव्हा ओपन फेल झाल्याची काळजी वेगळी करायला लागत नाही. जीडीबीमध्ये याच प्रकाराला जीडीबी फाइल यूपी असं नाव आहे, यूपी म्हणजे युनिक पॉइंटर, आम्ही नुसतं फाइल यूपी म्हणतो.

नुसत्या डिस्क्रिप्टरसाठी मात्र स्वतःचा क्लास लिहा, वीस-पंचवीस ओळींचा. आत एक इंट, सुरुवातीला उणे १. डिस्ट्रक्टरमध्ये शून्य किंवा जास्त असेल तर क्लोज. कॉपी करणं डिलीट करून टाका, मूव्ह ठेवा, आणि मूव्ह झाल्यावर जुन्यात उणे १ घालायला विसरू नका. गेट आणि रिलीज अशी दोन फंक्शनं. बूलमध्ये आपोआप बदलणारा ऑपरेटर अजिबात देऊ नका, कारण डिस्क्रिप्टर ० हा खरा, चालणारा डिस्क्रिप्टर आहे आणि कोणीतरी सवयीनं इफमध्ये टाकणारच.

कॉपी का बंद हे त्या मुलीला समजावताना मी खजराण्याच्या गणपतीचं जोड्यांचं टोकन सांगितलं. टोकन एकच असतं, ज्याच्याकडे टोकन त्याचे जोडे. तुम्ही ते भावाला दिलंत तर तुमचा खिसा रिकामा, जोडे तोच आणणार. टोकनची झेरॉक्स काढून दोघं गेलात तर स्टँडवर भांडण. मूव्ह म्हणजे टोकन देणं, कॉपी म्हणजे झेरॉक्स. गेट म्हणजे टोकनचा नंबर नुसता वाचून दाखवणं, आणि रिलीज म्हणजे टोकन काउंटरवर ठेवून निघून जाणं, आता कोणी उचललं नाही तर जोडे तिथंच राहिले.

पीओपननं उघडलेली गोष्ट पीक्लोजनंच बंद होते, ओपनडरची क्लोजडरनं. म्हणून त्यांना वेगळे डिलीटर, वेगळी नावं. पीओपनही फाइल पॉइंटरच देतं, तेव्हा इथं कंपायलर मदत करत नाही, स्वतः बघा.

पहिला ढीग: उघड-बंद एकाच फंक्शनमध्ये

आमचं सीआरसीवालं फंक्शन बदलण्याआधी साधारण असं होतं:

फाइल = एफओपन, नल असेल तर परत जा
साखळी = मेक क्लीनअप, एफक्लोज, फाइल
तुकडे वाचत सीआरसी काढ
वाचताना चूक झाली तर गोटू बाहेर
सीआरसी जुळत नसेल तर परत जा, नाही म्हणून
बाहेर: डू क्लीनअप्स, साखळी
परत जा

पाचवी ओळ बघितलीत ना, तिथंच ती गळती. आता बदलल्यावर:

फाइल यूपी फाइल = उघड, रिकामी असेल तर परत जा
तुकडे वाचत सीआरसी काढ, चूक झाली तर परत जा
परत जा, सीआरसी जुळला की नाही ते सांगून

बस. बंद करायची ओळच नाही, त्यामुळे ती विसरायचा प्रश्नही नाही. बदलताना क्रम असा ठेवा: आधी व्हेरिएबलचा प्रकार बदला, मग कंपाइल करा, जिथं जिथं पॉइंटर पास होतो तिथं कंपायलर ओरडेल, तिथं गेट लावा. मग क्लोज आणि साखळीच्या ओळी काढा. शेवटी गोटू काढून साधे रिटर्न करा. गोटू तसाच ठेवून मधेच नवीन ऑब्जेक्ट जाहीर केलात तर कंपायलर म्हणेल की ही उडी इनिशियलायझेशन ओलांडून जाते, आणि तो बरोबर म्हणतो. काही लोक तिथं परमिसिव्ह फ्लॅग लावून गप्प करतात. नका करू.

जुन्या कोडमध्ये सगळी व्हेरिएबलं फंक्शनच्या डोक्यावर जाहीर केलेली असतात, ती खाली आणा, जिथं फाइल उघडते तिथं. आणि फाइल लवकर बंद व्हायला हवी असेल, उदाहरणार्थ पुढं यूजरला प्रश्न विचारून वाट बघायची आहे, तर तेवढ्या भागाभोवती महिरपी कंस टाका नाहीतर रीसेट करा.

इथं एक विचित्र गोष्ट झाली ती सांगतो. एका आतल्या ब्लॉकमध्ये एफडी नावाचा साधा इंट बाहेरून आलेला होता आणि तो ताब्यात घ्यायला कोणीतरी क्लासचं नाव लिहून पुढं कंसात एफडी लिहिलं, बस, ऑब्जेक्टला नाव दिलंच नाही. कंपाइल झालं, वॉर्निंगकडे कोणी बघितलं नाही. सी प्लस प्लसच्या लेखी त्या ओळीचा अर्थ होतो एफडी नावाचं नवीन, रिकामं ऑब्जेक्ट जाहीर करणं, खऱ्या डिस्क्रिप्टरला कोणी हातही लावत नाही. म्हणजे गळती बंद केली म्हणून कमिट मेसेज लिहिला आणि गळती तशीच. आणि तिथंच कंसात थेट ओपन बोलावलं असतं तर उलटं झालं असतं, बिननावाचं ऑब्जेक्ट त्याच ओळीच्या शेवटी मरतं आणि फाइल वापरायच्या आधीच बंद. ऑब्जेक्टला नेहमी नाव द्या, आणि शॅडोची वॉर्निंग चालू ठेवा.

दुसरा ढीग: उघडून दुसऱ्याला देणारी फंक्शनं

यात मजा आहे. फंक्शनचा रिटर्न टाइप फाइल पॉइंटरवरून फाइल यूपी करा आणि कंपाइल करा. जेवढे बोलावणारे आहेत तेवढे एरर. हीच तुमची यादी, वहीपेक्षा खात्रीची. आमच्या वहीत चार बोलावणारे होते आणि कंपायलरनं सात दाखवले.

घाईत लोक काय करतात, तर बोलावणाऱ्याकडे रिलीज लावून जुना कोड तसाच चालू ठेवतात. एखाद्या ठिकाणी चालतं, पण तसं केलं तर त्याच ओळीवर कमेंट टाका, कारण रिलीज म्हणजे मालकी परत माणसाच्या आठवणीवर सोपवणं. रिलीज आणि रीसेट यात गल्लत तर फारच होते, रीसेट बंद करतं, रिलीज बंद करत नाही, आणि रिलीजचा निकाल कुठंच न घेता नुसती ओळ लिहिली की ती शुद्ध गळती.

डिस्क्रिप्टरवरून फाइल पॉइंटर बनवताना, म्हणजे एफडीओपन, मालकी नेमकी कधी बदलते ते बघा. एफडीओपन फेल झालं तर डिस्क्रिप्टर अजून आपल्याकडेच उघडा आहे. पास झालं तर तो त्या फाइल पॉइंटरचा झाला, आता आपण क्लोज केलं तर दोनदा बंद. म्हणून आधी एफडीओपनला गेटनं दिलेला नंबर द्या, निकाल नल नसेल तरच डिस्क्रिप्टरच्या ऑब्जेक्टवर रिलीज करा. जीडीबीच्या स्कोप्ड एफडी या डिस्क्रिप्टरच्या क्लासमध्ये हे टू फाइल नावाच्या एका फंक्शनमध्येच बांधून टाकलंय, आम्हीही तसंच केलं, म्हणजे हा क्रम एकदाच बरोबर लिहायचा.

उघडणारी सगळी फंक्शनं एका जागी आली की क्लोज ऑन एक्झेकचा फ्लॅगही तिथंच लावून टाका. एफओपनला जीलिबसीत मोडमध्ये ई अक्षर जोडलं की होतं.

तिसरा ढीग: स्ट्रक्टमधल्या फाइली

इथं थोडं सांभाळून. फाइल यूपी ज्या स्ट्रक्टमध्ये टाकाल तो स्ट्रक्ट मॅलॉकनं बनवलेला असेल तर कन्स्ट्रक्टर चालणार नाही, फ्रीनं सोडला तर डिस्ट्रक्टर चालणार नाही, आणि मेमसेटनं शून्य करत असाल तर फाइल न बंद होता पॉइंटर पुसला जाईल. आधी तो स्ट्रक्ट न्यू आणि डिलीटवर आणा, तो एक वेगळा कमिट, मग फाइल बदला. आम्ही दोन्ही एकत्र केलं आणि पूर्ण दिवस गेला. मेंबर ज्या क्रमानं लिहिलेत त्याच्या उलट क्रमानं मोडतात हेही लक्षात असू द्या, बफर फाइलीच्या आधी हवा की नंतर याचा विचार तिथं करा.

जुनी साखळी आणि नवीन ऑब्जेक्ट एकाच फंक्शनमध्ये नकोत

मधल्या काळात दोन्ही पद्धती एकत्र राहणारच, पण एकाच फंक्शनमध्ये नकोत. आमच्या डीबगरमध्ये एरर आला की थ्रो करण्याआधी साखळी चालते आणि मग स्टॅक उलगडताना डिस्ट्रक्टर. डिस्ट्रक्टरला लागणारी गोष्ट साखळीनं आधीच मोडून टाकली तर बसा शोधत. एक फंक्शन घेतलं की त्यातली साखळी पूर्ण काढा, नाहीतर हात लावू नका.

आणि लाँगजंप. जुन्या कोडमध्ये एरर म्हणजे सेटजंप-लाँगजंप असायचं, मधली फंक्शनं ओलांडून सरळ आधी खूण केलेल्या जागी उडी. डिस्ट्रक्टर असलेल्या ऑब्जेक्टवरून लाँगजंपनं उडी मारली तर काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही, फाइल बंद होईल या भरवशावर तर राहूच नका. म्हणून सगळ्यात पहिलं काम, खरं तर या सगळ्याच्या आधीचं, एरर फंक्शन खरं सी प्लस प्लस एक्सेप्शन फेकतं की नाही ते बघणं. आमचं सुदैवानं फेकत होतं. एक अपवाद, रीडलाइन. ती यूजरची कमांड वाचणारी सीची लायब्ररी, आपला कोड तिच्या कॉलबॅकमधून बोलावला जातो आणि सीचा कोड एक्सेप्शन वर जाऊ देईल याचा भरवसा नाही. तिथं कॉलबॅकच्या आतच पकडायचं, जपून ठेवायचं, आणि रीडलाइनमधून बाहेर आल्यावर परत फेकायचं.

लिहायच्या फाइली: इथं मात्र हातानं बंद करा

त्या मुलीनंच विचारलं, "दादा, डिस्ट्रक्टरमध्ये एफक्लोज फेल झालं तर कळणार कोणाला?" कोणालाच नाही. वाचायच्या फाइलीला फरक पडत नाही. पण कोअर फाइल, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीची प्रत, किंवा लॉग लिहीत असाल तर शेवटचा बफर एफक्लोजच्या वेळीच सिस्टिमकडे जातो, डिस्क भरली असेल तर सहसा तिथंच कळतं. डिस्ट्रक्टर ते गिळून टाकतो आणि आपण यूजरला सांगतो, फाइल सेव्ह झाली. डिस्ट्रक्टरमधून एक्सेप्शन फेकायचं तर मनातही आणू नका, सी प्लस प्लस ११ पासून तिथून बाहेर पडलेलं एक्सेप्शन डीफॉल्टनं प्रोग्रॅम जागीच मारतं.

म्हणून लिहायच्या फाइलीत काम नीट संपलं की रिलीज करून तो पॉइंटर स्वतः एफक्लोजला द्यायचा आणि निकाल तपासायचा. डिस्ट्रक्टर फक्त वाटेत काही बिघडलं तर. त्याच्या जोडीला अर्धवट फाइल पुसणारं एक ऑब्जेक्ट ठेवा, त्यात फाइलीचं नाव, डिस्ट्रक्टरमध्ये अनलिंक, आणि कीप नावाचं एक फंक्शन जे म्हणतं आता पुसू नको. एफक्लोज पास झालं की मगच कीप. पुसणारं ऑब्जेक्ट आधी जाहीर करा आणि फाइल नंतर, म्हणजे मोडताना आधी फाइल बंद होईल आणि मग पुसली जाईल. लिनक्सवर उलटं झालं तरी चालून जातं, विंडोजवर उघडी फाइल सहसा पुसता येत नाही, आणि आमचा एक ग्राहक विंडोजवाला आहे.

एक्झिट बोलावलं तर लोकल ऑब्जेक्टांचे डिस्ट्रक्टर चालत नाहीत. उघड्या फाइली सिस्टिम बंद करते, पण अर्धवट फाइल पुसली जात नाही. आमच्या क्विट कमांडमध्ये थेट एक्झिट होतं, टेम्प फोल्डरमध्ये दोन वर्षांचा कचरा साठलेला, आणि तोही इंदुरात.

परत मोजा

यूलिमिट ६४, तीच लोड करायची स्क्रिप्ट, यावेळी १००० वेळा. आकडा पहिल्या लोडनंतर ११ होता आणि शेवटी ११च होता. पण एवढ्यावर थांबू नका, कारण गळत्या बहुतेक चुकीच्या रस्त्यावर असतात आणि नेहमीची टेस्ट त्या रस्त्यानं जातच नाही. वाचणाऱ्या फंक्शनवर एक छोटा काउंटर लावा, पहिल्यांदा पहिलं वाचन फेल, मग दुसरं, मग तिसरं, प्रत्येक वेळी एफडीचा आकडा तोच राहतो का बघा. आम्हाला यात अजून तीन जागा सापडल्या, त्यातली एक मी स्वतः बदललेली होती, गेटनं काढलेला पॉइंटर एका ग्लोबलमध्ये ठेवला होता आणि फाइल केव्हाच बंद झालेली.

कमिट छोटे ठेवा, एका कमिटमध्ये एक फंक्शन किंवा एक प्रकार, आणि त्यात वागणूक बदलू नका. एरर मेसेज सुधारायचा मोह होतो, तो वेगळा कमिट.

साठच्या वर जागांपैकी एक अजून तशीच आहे. रीडलाइनच्या कॉलबॅकमधलं हिस्टरी लिहिणारं फंक्शन, ज्याच्यात फाइल कोणाची हे तिघांना विचारून तीन उत्तरं मिळाली. तिथं एफक्लोज हातानंच लिहिलेलं आहे, वर चार ओळींची कमेंट आहे, आणि त्या मुलीनं खाली पाचवी ओळ जोडलीये की दादांनी होळीनंतर बघतो म्हटलंय.